नडगी आणि जंघा

गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवावं आणि सरळ खाली घोट्यापर्यंत ओढत न्यावं. बोटाखाली जी धार लागते ती नडगी. मांडीला मांस असतं, पोटरीला असतं, नडगीच्या पुढच्या अंगाला मात्र कातडं आणि त्याच्याखाली लगेच हाड. म्हणून अंधारात बाजेची कड लागली की माणूस एकतर शिवी देतो नाहीतर देवाचं नाव घेतो, तिसरं काही सुचत नाही. मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मैदानावर नवीन मुलगी आली की तिला आधी हे बोट ओढायला लावते, धावायला नंतर. मुली माझ्यामागे मला ‘नडगीबाई’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतं. माझ्या डाव्या नडगीवर, मधोमध म्हणावं त्याच्या जरा खाली, एक उंचवटा आहे. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतो. तो कसा आला आणि त्यापायी आमच्या घरात काय काय झालं, ते लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला, कोरड्या पट्ट्यातलं. दसरा-दिवाळी झाली की निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जायची. उरलेल्या निम्म्यांत आमचं घर होतं, कारण आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, विहिरीखाली थोडी जमीन होती आणि ती आम्हाला धरून ठेवायची. घर पिठाच्या गिरणीला लागून. दिवसभर पट्ट्याचा फटफट आवाज, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिठाचा पातळ थर. देवाच्या तसबिरीवर, आरशावर, माझ्या वह्यांवर. गिरणीच्या वर आवाज काढून बोलायची आईला इतकी सवय झाली होती की गिरणी बंद असली तरी ती तशीच बोलायची. तिने हळू आवाजात काही सांगितलं की आम्ही घाबरायचो. खाणं साधं होतं आणि आजही मला तेच आवडतं: बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, थंडीत हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळे शिजत असताना सगळं घर वासाने भरून जायचं आणि आप्पा उगीचच दोनदा चुलीपाशी येऊन जायचे. कधीमधी मटण व्हायचं. नळी आप्पांच्या ताटात पडायची. ते ती ताटाच्या काठावर आपटायचे, आतला गर ओढून घ्यायचे आणि रिकामी नळी मला द्यायचे. मी एका बाजूने डोळा लावून चुलीतला जाळ बघायची. हाड आतून पोकळ असतं, म्हणून हलकं असतं, आणि भिंत जाड असते म्हणून मोडत नाही, हे मला तिथे कळलं. शाळेच्या पुस्तकात ते नंतर आलं.

मी खो-खो खेळायची. चांगली खेळायची, यात खोटी नम्रता दाखवायचं मला काही कारण दिसत नाही. आमच्या शाळेचं मैदान म्हणजे दगड वेचलेलं माळरान. दोन खांबांपैकी एक सुताराने रंधा मारून दिलेला, गोल, गुळगुळीत. दुसरा कुणाच्या तरी गोठ्यातून आणलेला बाभळीचा, अंगावर गाठी असलेला. बाकीच्या मुली त्या बाजूला जपून वळायच्या. मी एका हाताने खांब धरून अंग झोकून द्यायची आणि पलीकडची पळती मुलगी टिपायची. नववीत असताना तालुक्याच्या सामन्यात नगरच्या एका शाळेच्या खेळाच्या बाईंनी मला बघितलं. (जिल्ह्याचं नाव आता बदललं; माझ्या तोंडात नगरच बसलं आहे.) त्यांच्या शाळेला मुलींचं वसतिगृह होतं. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात चाचणीला ये, पास झालीस तर दहावीपासून आमच्याकडे रहा आणि खेळ. मी घरी येऊन सांगितलं. आप्पा म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे होकारच असायचा, फक्त तो लगेच द्यायचा नाही अशी रीत होती.

पौषातल्या एका सकाळी सराव चालू होता. दवाने माती ओली होती. मी बाभळीच्या खांबाकडे झेप घेतली, हात निसटला आणि अंगाचा सगळा भार घेऊन नडगी खांबाच्या गाठीवर आपटली. आवाज आला तो अगदी उसाचं कांडं मोडावं तसा. मी ओरडले नाही असं मैत्रिणी अजून सांगतात. ओरडायला श्वास उरला नव्हता, एवढंच. गिरणीवाल्याच्या टेम्पोत घालून मला शेवगावला नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, एक जाड, एक बारीक. माझं जाड तडकलं होतं, बारीक शाबूत होतं. “बारक्याने जाड्याला धरून ठेवलंय,” ते म्हणाले, “नशीब समजा.” आणि मांडीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घातलं. आई बघत उभी होती. तिने सरळ विचारलं, “डॉक्टर, मोडलंय खाली आन बांधताय वरपातूर, ह्ये काय?” डॉक्टर म्हणाले, “आई, गुडघा वाकला की खालचं हाड हलणार. हाड जुळवायचं तर त्याच्या वरचा सांधाही गप बसवावा लागतो.” आईला ते पटलं. तिला कारण सांगितलं की पटायचं. तिला राग यायचा तो कारण न सांगणाऱ्यांचा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते सव्वीस जानेवारीला. आमचे हेडमास्तर संस्कृतही शिकवायचे आणि शुद्ध बोलण्याचा त्यांना ध्यास होता. लाउडस्पीकरला ते ध्वनिक्षेपक म्हणायचे, डब्याला भोजनपात्र. झेंडावंदनाला सगळा गाव शाळेत जमायचा, आणि जे यायचे नाहीत त्यांनाही ऐकू जावं म्हणून भोंगा गावाकडे तोंड करून बांधलेला असायचा. मी घरी बाजेवर पडून ऐकत होते. कवायत झाली, भाषणं झाली आणि सरांचा आवाज आला: “आपल्या विद्यालयाची गुणी खेळाडू कुमारी मंगल हिच्या वाम जंघास्थीचा भंग झाल्याने ती आज आपल्यात नाही. तिला लवकर आराम पडो.” मला फार बरं वाटलं. माझं नाव भोंग्यावरून पहिल्यांदाच आलं होतं.

गावाने यातले दोनच शब्द उचलले, जांघ आणि भंग.

सर चुकले नव्हते, हे मी इथे लिहून ठेवते. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग आणि पुस्तकात नडगीच्या हाडाचं नाव जंघास्थी असंच होतं. पण तो शब्द आमच्या बोलण्यात येईपर्यंत गुडघा ओलांडून वर चढला होता. आमच्याकडे जांघ म्हणजे मांडी जिथे पोटाला मिळते ती जागा, जिचं नाव बाया चारचौघांत घेत नाहीत. त्यात माझं प्लास्टर मांडीपर्यंत. बघायला येणाऱ्या बाया गावठी अंडी आणायच्या, डिंकाचे लाडू आणायच्या, शेळीचे पाय आणून आईला म्हणायच्या, ह्याचं पाणी पाज पोरीला. मग प्लास्टर परकराखाली कुठवर गेलंय ते डोळ्यांनी मोजायच्या आणि आईला बाजूला घेऊन कुजबुजायच्या, “शेवंताबाई, पुढं पोराबाळांचं काय म्हनले डॉक्टर?” आई मोठ्याने सांगायची, “अगं बाई, नडगी हाय ती, नडगी!” पण जितकं ती मोठ्याने सांगायची तितकं बायांना वाटायचं, आई झाकतेय. तशा गोष्टी आया झाकतातच.

आपल्या शब्दाने काय केलं हे कानावर गेल्यावर सर स्वतः घरी आले. आप्पांपुढे ओट्यावर बसून, बोटाने स्वतःच्या धोतरावरून खूण करून म्हणाले, “अहो, जंघा म्हणजे इथून इथपर्यंत. गुडघा ते घोटा. कोशात पाहा.” आप्पांनी त्यांना चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, “असंल, सर. आमच्या गावात ती वर हाय.”

आप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, पुणतांब्याला दिलेली होती. तिकडे गोदावरीचं पाणी, उसाची शेती, पेरूच्या बागा. ती यायची ती पेरूंची पाटी आणि पाचशे सूचना घेऊन. मी जन्मले तेव्हापासून तिने मला तिच्या दिलीपसाठी धरून ठेवलं होतं. आमच्यात भावाची मुलगी सून म्हणून नेतात, त्यात काही नवल नव्हतं. दिलीप वाईट नव्हता. ट्रॅक्टर छान चालवायचा, कमी बोलायचा. मला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं आणि ते विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती, एवढंच. आत्या मला बघायला आली तेव्हा गिरणीपासून घरापर्यंत येतायेताच तिला सगळी बातमी मिळाली होती. तिने पाटी खाली ठेवली, माझ्या प्लास्टरवर टिचकी मारून बघितली आणि आईकडे वळली.

“शेवंता, खरं सांग. कुटं मोडलंय?”

“नडगी, वन्सं.”

“मग मास्तर भोंग्यावरनं जांग कशाला म्हनंल? आन नडगीला कुनी मांडीपातूर बांधतं का?”

“डॉक्टरला इचारा जाऊन.”

“तुझं चुकत न्हाई गं. पोरीच्या जातीचं हाय, झाकावंच लागतं,” आत्या म्हणाली. तिचा आवाज खरंच मऊ झाला होता. “पर माझं बी एकच पोरगं हाय.”

संध्याकाळी आप्पा रानातून आल्यावर तिने त्यांनाही सांगितलं. भांडण नाही, आदळआपट नाही. “दिलीपसाटी मी दुसरीकडं बगते. राग मानू नगंस.” सकाळच्या गाडीने ती गेली. पाटी तशीच ओट्यावर राहिली. मी बाजेवर पडल्यापडल्या एक पेरू उचलला आणि इतक्या आनंदाने खाल्ला की त्याची चव मला अजून आठवते.

तो आनंद त्याच दुपारी संपला. आप्पा जेवायला बसले आणि ताटाकडे बघत म्हणाले, “खो-खो बंद. नगर बी बंद. पोरीत खोट हाय म्हनून माजी सख्खी बहीन उटून गेली. आता त्याच पायावर उड्या मारून आनखी काय मोडून घ्यायचंय?” आई म्हणाली, खोट नाहीच. आप्पा म्हणाले, “मला म्हाईत हाय गं. गावाला म्हाईत न्हाई.” त्या दिवशी मला माझी अडचण नीट दिसली. खोट राहिली तर खेळ जाणार होता. खोट गेली तर दिलीप परत येणार होता. मी चौदा-पंधरा वर्षांची होते आणि यातून तिसरी वाट असते हे मला ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं पक्कं होतं की उन्हाळ्यात नगरच्या मैदानावर मला उभं राहायचं आहे.

होळीच्या सुमाराला प्लास्टर कापलं. आतून निघालेला पाय माझा वाटेना. पोटरी सुकून गेलेली, कातडं खवल्यांचं, नडगीची धार सुरीसारखी वर आलेली. तडकलेल्या जागी उंचवटा. डॉक्टर म्हणाले, हाड जुळताना नवीन हाड घालतं, गरजेपेक्षा जास्तच घालतं, ते हळूहळू झिजेल. माझं पूर्ण झिजलं नाही. घोटा आखडला होता म्हणून मी लंगडत होते, आणि लंगडताना दिसले की गावाची खात्री आणखी पक्की व्हायची. मी गोठ्यामागे, म्हशीशिवाय कुणी बघणार नाही अशा जागी, डाव्या पायावर उभं राहायचा सराव सुरू केला. आधी भिंत धरून, मग न धरता. आज माझ्या मुली दुखापतीनंतर हेच करतात, फक्त त्यांच्या मोबाईलवर हाडाचं चित्र चारी बाजूंनी फिरवून बघता येतं आणि त्याला व्यायामाचं इंग्रजी नाव असतं. माझ्याकडे म्हैस होती. ती रवंथ करत टक लावून बघायची. तेवढं पुरायचं.

चैत्रात ऊसतोडीला गेलेली घरं परत आली, गावात पुन्हा आवाज आला आणि कुरडयांचे दिवस सुरू झाले. गिरणी शेजारी म्हणून आणि अंगण मोठं म्हणून गल्लीतल्या बाया आमच्याकडेच जमायच्या. पहाटे भिजल्या गव्हाचा चीक शिजायचा. त्याचा आंबूस, गरम वास मला आजही गल्लीतून जाताना ओळखता येतो. मग सोऱ्यातून बाजेवरच्या धुतलेल्या लुगड्यावर एकेक कुरडई पडायची. गावच्या जत्रेच्या निमित्ताने आत्याही आली होती. रुसवाफुगवा असला तरी माहेरची जत्रा ती चुकवायची नाही. ती आईशेजारी बसून गोळे करून देत होती, दोघी कामापुरतं बोलत होत्या. मी पाणी आणून देत होते. आणि हिरामावशी आली.

हिरामावशी म्हणजे आमच्या मागच्या घरातली, वर्षाचे सहा महिने फडात काढणारी बाई. तिचं बोलणं उसाच्या फडातलं, तिथे दबक्या आवाजात काही होत नाही. तिने उंबऱ्यातूनच विचारलं, “काय गं मंगे, जांग मोडली म्हनं तुजी?”

तीन महिने जे कुजबुजत चाललं होतं ते कुणीतरी शेवटी तोंडावर विचारलं होतं. आईचा सोऱ्यावरचा हात थांबला. मला राग आला नाही, उलट सुटल्यासारखं झालं. मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“मावशी, हितं बसा. पाय पुढं करा.”

“माजा? मोडला तुजा न्हवं का?”

“करा तर.”

तिने लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून पाय लांब केला. मी तिचंच बोट धरलं, वाटीखाली ठेवलं आणि खाली ओढत नेलं. “ही धार लागती का? ही नडगी. माजी ही मोडली हुती, हितं.” आणि माझा परकर वर घेऊन तिचं बोट माझ्या उंचवट्यावर दाबलं. “हे जुळलेलं हाड. हात लावून बघा. जांग कुटं हाय आन हे कुटं हाय?”

पण मावशीचं लक्ष तिच्या स्वतःच्या पायाकडे गेलं होतं. तिच्या नडगीवर एक पांढरा, आडवा वण होता. “ह्यो बग, कोयत्याचा. पयल्याच साली. ऊस सटकला आन कोयता नडगीवर. हाडच दिसलं हुतं पांढरं.” दुसरी बाई म्हणाली, माझा बघ. तिसरीने पाय काढला. बघताबघता अंगणातल्या, फडात गेलेल्या सगळ्या बायांचे पाय बाहेर आले, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या नडगीवर कोयत्याची खूण. खाली वाकून बुडख्याला घाव घालायचा, डावा पाय पुढे, आणि कोयत्यापुढे आधी येते ती त्याची नडगी. मांस असतं तर मांसाने झेललं असतं. हाडाने झेललं. कुणी त्यावर हळद भरली होती, कुणी तंबाखू, आणि सगळ्या दुसऱ्या दिवशी फडात गेल्या होत्या. मी तेव्हा त्या पायांकडे बघत राहिले. पुस्तकातल्या चित्रात इतका चांगला पाय मी बघितला नव्हता.

मग मला चेव आला. मी सांगत सुटले. घोट्याला दोन बाजूंनी दोन गाठी असतात, आतली गाठ जाड हाडाची, बाहेरची बारीक हाडाची, चाचपून बघा. अंगावरचा भार, डोक्यावरच्या मोळीसकट, जवळजवळ सगळा जाड हाडावर येतो. बारीक हाड शेजारी असतं, पोटरीचं मांस धरायला, घोटा सांभाळायला, पण भार म्हणावा तर नावालाच.

“म्हंजी आमच्या घरावानीच की,” हिरामावशी म्हणाली. “वझं मी उचलायचं आन त्यो शेजारी हुबा.”

अंगण इतकं हसलं की गिरणीवाला बाहेर येऊन बघून गेला. मी जंघास्थीचं पण सांगितलं, पुस्तकात नडगीलाच जंघा म्हणतात म्हणून. मावशीने कपाळाला हात लावला. “मग नडगी म्हनाय त्या मास्तराचं त्वांड दुकत हुतं व्हय? तीन म्हैनं पोरीचं मरान!” पण ती खुळी नव्हती. हसू संपल्यावर तिने डोळे बारीक केले. “जुळलंय म्हनतीस. मग लंगडत हुतीस म्हनं, ती का?”

“घोटा आखडला हुता. आता न्हाई.”

“ओट्यावरनं उडी मार. त्याच पायावर.”

आई म्हणाली, “हिरे, काय बी नगं.” मी आधीच ओट्यावर चढले होते. गोठ्यामागे मी एका पायावर उभी राहायची, उड्या अजून मारल्या नव्हत्या. ओटा कमरेएवढा उंच होता. नडगी झेलेल का, हे मला माहीत नव्हतं, आणि हे मला माहीत नाही हे तोंडावर दिसू द्यायचं नव्हतं. उजवा पाय उचलला आणि उडी घेतली. डाव्या पायावर उतरले. गुडघा लवला, घोट्यात कळ आली, पण नडगी ताठ राहिली. मी तशीच, एका पायावर, उजवा पाय न टेकता उभी राहिले. जरा जास्तच वेळ राहिले. बाया बघत होत्या आणि मी बघू दिलं.

सगळ्यात आधी आत्या बोलली. हाताला लागलेला चीक पुसत म्हणाली, “चला, नडगीच हुती तर. शेवंता, मग मी माजं बोलनं मागं घेते. जत्रा झाली की मान्सं घेऊन येते, सुपारी फोडून टाकू.”

मी पाय टेकला. मनात म्हटलं, झालं.

आईने सोऱ्या फिरवून हातातली कुरडई पुरी केली. मग बोलली, आणि ती हळू आवाजात बोलली.

“न्हाई, वन्सं.”

“म्हंजी?”

“पोरीचं हाड तडकलं तवा तुमाला दिलीप दिसला. बरूबर हाय, आईला आपलंच लेकरू दिसतं. आता हाड जुळलंय, तर मला मंगल दिसू द्या. ती नगरला जाईल.”

“मी काय परकी हाय का?”

“परक्या असता तर मी एवढं सांगितलंच नसतं. हात चालवा, चीक गार व्हायलाय.”

आत्याने उठून जायला हवं होतं असं कुणाला वाटेल. ती गेली नाही. ती गोळे करत राहिली, फक्त जरा मोठेमोठे. वर्षभर तिने आईशी अबोला धरला, मग सोडला. दिलीपचं लग्न छान झालं, त्याची मोठी नात परवा माझ्याकडे खो-खोच्या शिबिराला येऊन गेली आणि चांगली खेळते. आईबद्दल मला खूप लोकांनी खूप काही सांगितलं आहे, की ती तापट होती, मोठ्याने बोलायची, कुणाचं ऐकून घ्यायची नाही. खरंच आहे. पण स्वतःच्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, गल्लीतल्या सगळ्या बायांसमोर, शिवी न देता, आवाज न चढवता, एकदाच आणि कायमचं नाही म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी तिची मुलगी आहे, हे मी अजून लोकांना आधी सांगते आणि बाकीचं नंतर.

अंगणात काय झालं ते आप्पांना घरी पोहोचायच्या आधीच गिरणीवर कळलं असणार. रात्री आम्ही उरलेला चीक दूध-गूळ घालून खाल्ला. नगरचं विचारायला मी घाबरत होते, कारण ‘खो-खो बंद’ हे त्यांचेच शब्द होते आणि ते अजून घरात होते. सकाळी मी झाडत असताना ते कडब्यातलं एक ज्वारीचं धाट सोलून घेऊन आले आणि माझ्यापुढे उकिडवे बसले.

“पाय टेक हितं.”

“कंचा?”

“मोडला हुता त्यो. त्येला बसला की दुसऱ्याला बसंलच.”

मी केरसुणी ठेवून पाय पुढे केला. त्यांनी धाट टाचेला लावलं, अंगठ्यापाशी नखाने खूण केली. क्षणभर बघितलं, आणि त्या खुणेच्या पुढे आपलं एक बोट आडवं ठेवून तिथे धाट मोडलं. आई चुलीजवळून म्हणाली, “एवढं मोटं? पोरगी घसरून पडंल.”

“वाडंल की,” आप्पा म्हणाले, धाट टोपीत खोवलं आणि शेवगावच्या गाडीला गेले.

त्याआधी मी बूट कधी घातलेच नव्हते. कॅनव्हासचे, पांढरे बूट आले आणि ते खरंच बोटभर मोठे निघाले. पुढे कापूस कोंबून मी नगरला चाचणीला गेले आणि निवडले गेले. वर्ष सरायच्या आत कापूस काढावा लागला.